पहिली गाडी, तिची किंमत आणि तिचा विमा

आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षं ही एका अर्थाने पार्किंगचीही पंचवीस वर्षं आहेत. आपण इथे राहायला आलो तेव्हा चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर आपलं गाव महापालिकेत गेलं, पण रस्ते, दिवे आणि बस मागाहून सावकाश आली. मंजूर नकाशात चारचाकीच्या जागा मोजक्या होत्या, सायकल-स्कूटरला मात्र ऐसपैस शेड होती. त्या वेळी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज सर्वसाधारण सभेत पाण्याच्या खालोखाल आवाज चढतो तो पार्किंगवरून.

स्मरणिका समितीने मला बँकेतल्या दिवसांवर लिहायला सांगितलं. पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातल्या शाखांमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि त्यात वाहनकर्जाचं टेबल माझ्याकडे पुष्कळदा आलं. म्हणून म्हटलं, आपल्या पट्ट्यातल्या माणसाने पहिली गाडी कशी घेतली आणि तिच्या विम्याचं काय केलं, याचाच थोडा इतिहास लिहावा. या इतिहासात आपण सगळेच आहोत.

स्कूटरचा जमाना

आपल्याकडे 'पहिली गाडी' म्हणजे बराच काळ स्कूटर. आकुर्डीला बजाजचा कारखाना, १९७२ साली चेतक आली, आणि गंमत अशी की कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यालासुद्धा तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. उत्पादन किती करायचं हे सरकारी परवान्यावर ठरायचं. मागणी मात्र परवाना विचारून येत नाही. परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळे, त्यामुळे ज्याचा कोणी नातेवाईक आखातात किंवा अमेरिकेत, त्याची चंगळ. बाकीच्यांनी नंबर लावून थांबायचं किंवा 'ऑन' देऊन दुसऱ्याची घ्यायची. नवीन स्कूटरपेक्षा वापरलेली महाग, हा हिशेब आजच्या मुलांना सांगितला तर हसतात.

मोटार ही तर दूरची गोष्ट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट यायची, पुढे तिचं नाव पद्मिनी झालं. दुसरी अँबेसेडर. डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार यांच्या दारात ती दिसे. पगारदार माणसाच्या वाट्याला आलीच तर तिसऱ्या-चौथ्या मालकाची फियाट, हँडगिअरची, सकाळी चार जणांनी ढकलायची. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांकडेही तीच असे. त्यामुळे आमच्या पिढीतले बरेच जण गिअर स्टिअरिंगजवळच असतो असं धरून मोटार शिकले.

मारुती, इंडिका, नॅनो

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. किंमत ४७,५०० रुपये. नोंदणीसाठी दहा हजार आधी भरायचे होते, आणि देशभरात लाखाहून अधिक लोकांनी ते भरले. आमच्या बँकेतल्या नव्या अधिकाऱ्याच्या दोन वर्षांच्या पगाराहून ही रक्कम मोठी होती, तरीही पहिल्यांदा असं वाटलं की मोटार ही आपल्या आयुष्यात येऊ शकणारी वस्तू आहे. ढकलावी न लागणारी मोटार म्हणजे केवढं अप्रूप!

१९९१ च्या उदारीकरणानंतर १९९३ साली मोटारींवरचं परवाना-बंधन गेलं. कंपन्या आल्या, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे कर्ज आलं. तोवर कामगाराचं वाहनकर्ज म्हणजे कारखान्यातल्या पतसंस्थेचं कर्ज, दोन जामीनदार आणि दिवाळीचा बोनस. बँका मोटारीला कर्ज द्यायला हात आखडता घेत. नव्वदीच्या दशकात चित्र फिरलं. कर्ज द्या, कर्ज द्या, असं वरूनच सांगणं येऊ लागलं.

आपल्या पट्ट्याची खरी अभिमानाची गाडी म्हणजे इंडिका. टेल्को पिंपरीत साठीच्या दशकात आली ती ट्रकसाठी. त्याच कंपनीने ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा करून जहाजाने आणला आणि इथे उभा केला. ३० डिसेंबर १९९८ रोजी इंडिका बाजारात आली. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी झाल्या, २००१ साली सुधारलेली व्ही-टू आली आणि मग मात्र तिने मागे पाहिलं नाही. डिझेलवर चालणारी, पाच माणसं आणि सामान घेणारी. पुढे ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली आणि टॅक्सीतून निघालेल्या इंडिका पुन्हा स्वस्तात कोणाची तरी 'पहिली गाडी' झाल्या.

नॅनोचं तर आख्यानच आहे. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली, 'लाखाची गाडी' हे नाव तिला कायमचं चिकटलं. स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुलं भिजत जाताना पाहून ही कल्पना सुचली, असं रतन टाटांनी सांगितलं होतं. सिंगूरमधून प्रकल्प हलवावा लागला, मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात आली, एप्रिलमध्ये बँकांमधून अर्ज घेतले गेले. दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. एवढं सगळं होऊनही २०१८ साली तिचं उत्पादन थांबलं. कारणं पुष्कळ सांगितली जातात. माझ्या टेबलासमोर बसलेल्या गिऱ्हाइकांवरून मला एकच कळलं होतं. पहिली गाडी घेणारा माणूस स्वस्त गाडी शोधत असतो, पण 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का असलेली गाडी त्याला दारात नको असते. त्यापेक्षा तो तेवढ्याच पैशात वापरलेली अल्टो किंवा सँट्रो घेतो.

आणि तेच झालं. आज चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन बनतात, महिंद्राचा मोठा कारखाना आहे, पण तिथे शिफ्ट करणारा तरुण स्वतःसाठी घेतो ती दीड-दोन लाखांची जुनी गाडी. आपल्या सोसायटीतल्या मुलामुलींचंही तेच आहे. लायसन्स हातात आलं की सहा महिन्यांत 'एमएच १४' ची एखादी जुनी गाडी दारात. त्यात गैर काही नाही. नव्या हाताला खरचटलेली गाडीच बरी. प्रश्न पुढचा आहे.

विमा कोणासाठी?

आपल्याकडे विम्याला लोक दोन नावांनी ओळखतात : 'फुल इन्शुरन्स' आणि 'नुसतं थर्ड पार्टी'. दुसरा प्रकार पोलिसांना दाखवायचा कागद, असा सर्वसाधारण समज. हा कागद आला कुठून ते बघू.

मोटार आली तेव्हा रस्त्यावर चालणारे शेकडो आणि मोटारवाला एखादा. धडक बसली तर चालणाऱ्याच्या घरच्यांनी भरपाई मागायची कुणाकडे? मोटारवाला गरीब असेल तर कोर्टाचा हुकूम घेऊन काय करायचं? म्हणून इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने नियम झाला की ज्याला गाडी रस्त्यावर आणायची त्याने इतरांच्या नुकसानीचा विमा आधी उतरवायचा. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात हीच तरतूद आली आणि १९४६ पासून ती अंमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट झाली. १९८२ साली चूक कोणाची हे सिद्ध होण्याआधीही ठरावीक रक्कम देण्याचं तत्त्व आलं. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याने हे सगळं नव्याने बांधलं.

विमा कंपन्यांचाही इतिहास आपण पाहिलेला आहे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्या. दर सगळीकडे एकच, एजंट ओळखीचा, आणि पॉलिसी येईपर्यंत डिकीत जपलेली कव्हर नोट. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, पुण्यातच मुख्यालय असलेली बजाज अलियान्झ २००१ साली सुरू झाली. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचा दर मात्र आजही वरूनच ठरतो.

तरीही लोक विमा एकदा काढत आणि विसरत. नवी गाडी शोरूममधून विमा घेऊनच बाहेर पडायची, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण कोण करतो? म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणं सक्तीचं झालं. आपल्या जुन्या गाड्या मात्र यातून सुटल्या. जुनी गाडी घेणाऱ्यानेच दरवर्षी लक्ष ठेवायचं आहे.

एक हिशेब

बँकेची सवय, आकडे मांडल्याशिवाय बोलवत नाही. समजा, आळंदी रस्त्यावर एखाद्या जुन्या गाडीखाली बत्तीस वर्षांचा माणूस गेला. स्वतःचा छोटा धंदा, महिना वीस हजार कमाई, घरी बायको, दोन मुलं आणि आई. न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं? वर्षाची कमाई २ लाख ४० हजार. पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के अधिक : ३ लाख ३६ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा : २ लाख ५२ हजार. त्या वयाला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेला गुणक १६. गुणाकार झाला ४० लाख ३२ हजार. बाकीच्या किरकोळ रकमा आणि व्याज वेगळं.

गाडी दोन लाखांची, भरपाई चाळीस लाखांची. आता दुसरी बाजू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता २,०९४ रुपये. जीएसटी धरूनही दिवसाला सात रुपयांच्या आत. विमा नसेल तर दंड पहिल्या वेळी दोन हजार, आणि आपले लोक नेमकी त्याच दोन हजारांशी तुलना करून 'पाहू नंतर' म्हणतात. तुलना दंडाशी करायचीच नाही, ती त्या चाळीस लाखांशी करायची. ते चाळीस लाख विमा नसेल तर कोण देणार? देणारा आपलं घर विकूनही पुरा पडणार नाही, आणि ती चार माणसं हुकूमनामा उशाला घेऊन झोपतील.

नावावर न झालेली गाडी

आमच्या शाखेचा एक कर्जदार होता, चाकणकडच्या कारखान्यात फिटर. कर्ज फेडलं, बँकेचा ना-हरकत दाखला घेतला आणि गाडी स्टँप पेपरवर लिहून एका ओळखीच्याला दिली. पैसे मिळाले, किल्ली दिली, विषय संपला असं त्याला वाटलं. घेणाऱ्याने ती पुढे तिसऱ्याला दिली. आरसी बुकावर नाव मात्र याचंच. तीन वर्षांनी न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडीने एक माणूस गेला होता आणि त्या दिवशी विमा नव्हता. हा मनुष्य ती नोटीस घेऊन शाखेत आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्याकडे तर आता सायकलपण नाही." पुढची वर्षं त्याच्या तारखांत गेली आणि घरासाठी घेतलेला गावाकडचा गुंठा वकिलात आणि तडजोडीत गेला.

लोकांना हा अन्याय वाटतो, पण कायद्याची भूमिका सरळ आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंच हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तोच. जखमी माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली ते शोधत फिरायचं नाही. तेव्हा विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी खरोखर नावावर चढेपर्यंत पाठ सोडू नये. कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवून घ्यावा.

घेणाऱ्याच्या बाजूनेही एक गोम आहे. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे सांगितलं आहे. कंपनीकडे चौदा दिवसांच्या आत अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. नाहीतर हप्ता चालू, पॉलिसी चालू, आणि गाडी ठोकली की क्लेम नाकारला, असं होतं.

नव्या हातांना

विलायतेत ज्यांची मुलं आहेत त्यांना ठाऊक असेल, तिकडे विशीतल्या नव्या चालकाचा विमा कधीकधी त्याच्या जुन्या गाडीच्या किमतीहूनही जास्त असतो. वय, अनुभव, पत्ता सगळं मोजून हप्ता ठरतो. महाग पडतो, पण तो आकडाच मुलाला सांगतो की तुझ्या हातात काय जोखीम आहे. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर. एकोणीस वर्षांचा नवशिका आणि तीस वर्षं गाडी चालवणारे त्याचे वडील, दोघांना दर एकच. ही सवलत चांगली, पण जोखमीचा इशारा आपल्याला विमा कंपनी देत नाही. तो घरच्यांनीच द्यायचा.

म्हणून चार गोष्टी, थोडक्यात. लर्निंग लायसन्सवर गाडी शिकायची तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि पुढे-मागे 'एल' ची पाटी हवीच. ही पॉलिसीचीही अट आहे. लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर अनेक प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आहेत, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊन. म्हणजे फिरून आपल्याच खिशाला.

दुसरं, गाडीत घरची माणसं बसणार असतील तर नुसत्या थर्ड पार्टीवर राहू नये. खासगी गाडीत बसलेल्यांचं संरक्षण पॅकेज पॉलिसीत येतं. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा आहे, तो 'नको' म्हणून खोडू नये.

तिसरं, नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षांत तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतो. मुदत संपून नव्वद दिवस गेले की मात्र तो बुडतो.

चौथं, चेक वटला नाही तर विमा नाही. हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम नाही हा नियम १९३८ च्या विमा कायद्यातच आहे. खात्यात शिल्लक नसताना दिलेल्या चेकवर मिळालेली पॉलिसी म्हणजे नुसता रंगीत कागद.

तिसरा पक्ष म्हणजे कोण?

कायद्यातला 'थर्ड पार्टी' हा शब्द फार कोरडा आहे. आपल्या फाटकापुरतं बोलायचं तर तो तिसरा पक्ष म्हणजे सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा भाजीवाला, शाळेच्या बसची वाट पाहणारी आपलीच नातवंडं. आषाढीला माउलींची पालखी आळंदीहून निघून आपल्या चऱ्होलीच्या थोरल्या पादुकांवरून पुढे जाते, तेव्हा आपल्या रस्त्यावर चालणारे ते लाखो वारकरी. यांच्यापैकी कोणी आपल्या गाडीची पॉलिसी पाहून रस्ता ओलांडत नाही. मुदतीत विमा असेल असं ते गृहीत धरून चालतात.

कार्यकारिणीपुढे एक साधी सूचना ठेवतो. दरवर्षी पार्किंगचं स्टिकर देताना आरसीवरचं नाव आणि विम्याची शेवटची तारीख, एवढे दोनच रकाने रजिस्टरमध्ये वाढवावेत आणि तारीख जवळ आली की सभासदाला फोन करावा. कोणी म्हणेल, सोसायटीला तो अधिकार नाही. खरं आहे, स्टिकर अडवण्याचा अधिकार मीही मागत नाही. पण आठवण करून द्यायला अधिकार लागत नाही, शेजार पुरतो. रजिस्टर लिहायला माणूस हवा असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसायला तयार आहे.